खिडकीतला पंचशील ध्वज

नागपूरची धम्मशीला वीस वर्षं लंडनच्या इल्फर्डमध्ये राहिली, पण शेजारधर्म तिने नागपूरचाच ठेवला. भिंतीपलीकडे योगराणी राहायची, जाफन्याची तमिळ बाई. हिच्या घरून वाटी गेली की तिच्याकडून कधी रिकामी परत आली नाही.

२००९ साली श्रीलंकेतलं युद्ध शेवटाला आलं होतं, आणि योगराणीची धाकटी बहीण समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत तोफांखाली अडकली होती. योगराणीला इंग्रजी वाचता यायचं नाही. केअर होममधली शिफ्ट संपवून धम्मशीला रोज तिला पेपर वाचून दाखवायची. लंडन बोललं, वॉशिंग्टन बोललं, ऑस्लो बोललं: तोफा थांबवा, वाटाघाटीने तोडगा काढा, आमचा पाठिंबा आहे.

"सपोर्ट म्हणजे हेल्पच ना, अक्का? येतील ना कोणी?"

"येतील गं. एवढी मोठी गव्हर्नमेंट्स बोलतायत."

धम्मशीला कागदावर भरवसा ठेवणारी बाई. बाबासाहेबांनी कागदावर लिहिलं आणि माणसं माणसांत आली, हे तिने स्वतःच्या घरात पाहिलेलं. पण नुसती तोंडाची वाफ दवडणारी सरकारंही असतात, हे त्या भोळीला कोण सांगणार?

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. दरवर्षीसारखा तिने पुढच्या खिडकीत पंचशील ध्वज लावला आणि खिरीची वाटी घेऊन शेजारी गेली. योगराणीने दार उघडलं. तिने खीर पाहिली, मग मान वळवून ती खिडकी पाहिली, आणि दार लावून घेतलं. धम्मशीला वाटी हातात धरून कितीतरी वेळ तिथेच उभी होती. आपलं काय चुकलं, ते तिला कळेना.

कळलं ते दहा दिवसांनी. युद्ध संपल्याची बातमी टीव्हीवर लागली. कोलंबोत लोक रस्त्यावर नाचत होते, आणि मागे एका विहारावर तेच निळे, पिवळे, लाल, पांढरे, केशरी पट्टे फडकत होते. धम्मदीक्षेच्या दिवशी जो झेंडा खांद्यावर घेऊन आपला आजा आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेने चालला, तो शेजारणीला तिच्या माणसांवर तोफा डागणाऱ्या सिंहली बौद्धांचा दिसला होता. त्याच बातम्यांत परदेशी सरकारं सांगत होती, आता तरी तमिळांशी बोलून तोडगा काढा. बैल गेला नि झोपा केला!

धम्मशीलाने ध्वज उतरवला. उतरवताना आपण आजाशी बेइमानी करतोय असं वाटून तिला रडू फुटलं. मग ती शेजारी गेली. या वेळी दार उघडंच होतं. आत चार तमिळ बायका जमिनीवर बसल्या होत्या, आणि बहिणीच्या फोटोला हार घातलेला होता.

"योगा, आमचा बुद्ध तसा नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "तो तुडवलेल्यांचा आहे. आम्हालाही लोकांनी तुडवलंय."

योगराणीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तुमचा बुद्ध चांगलाच असेल, अक्का," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला तो भेटला नाही."