एकाच नावाखाली दोन आजार

अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस: जव्हारच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या कागदावर ‘जुनाट आव’ असे लिहिले. त्याच वर्षीची नागपंचमी: माझ्या धाकट्या भावाच्या पोटाला हातही न लावता त्यांनी त्याच्या कागदावर तेच दोन शब्द लिहिले. नारळी पौर्णिमा: भावाला पत्नीचाच इलाज मिळावा असा अर्ज मी संस्थानच्या दरबारात केला. पहिल्या दोन दिवसांना डॉक्टर जबाबदार आहेत, तिसऱ्याला मी.

आषाढात पत्नीला मी मुंबईस नेले होते. तिथल्या वृद्ध डॉक्टरांनी गुदद्वारातून दिव्याची नळी घालून पाहिले आणि आव नसून मोठ्या आतड्यात व्रण असल्याचे सांगितले. औषधी पाण्याने आतडे धुणे, मऊ आहार आणि पूर्ण विश्रांती यांनी तिचे रक्त थांबले. मग एकाच घरात, एकाच नावाच्या आजाराला दोन न्याय कसे? आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला हा मुद्दा बिनतोड वाटला. दरबारात वर्षानुवर्षे माझे अर्ज कुजतात. हा एकच त्याच दिवशी मंजूर झाला आणि जव्हारच्या दवाखान्यात भावाचेही आतडे धुणे सुरू झाले.

भाद्रपदात भाऊ निम्मा उरला. जेवण झाले की पोट धरून बसे. तरी त्याची जीभ शाबूत होती. “अण्णा, आता थेट आतड्यालाच नोटीस काढा. मुदतीत हजर झालं नाही तर जप्ती!”

आमच्याकडे साखरशेतची एक बाई कामाला होती. दोन्ही आजाऱ्यांची धुणी ओहोळावर तीच नेई. एके सकाळी धुण्याचा पिळा हातात घेऊन ती माझ्या मेजासमोर उभी राहिली.

“भाऊसाहेब, वयनींच्या लुगड्यांना रगत असायचा, शेंबडासारखा चिकट. याच्या धोतराला कवा रगत नाय. मागं गळू फुटलाय, त्याचा पू हाय. न् प्वाट उजव्या अंगाला खाली दुखतंय. एकच दुखणं कसा?”

“आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलात कवा? तुमी लिवत व्हतात.”

साक्षीदार घरात असताना मी कागदावर निकाल मागितला होता. त्याच दिवशी भावाला मोटारीत घातले आणि डहाणूहून आगगाडीने मुंबई गाठली.

वृद्ध डॉक्टर मला म्हणाले, “वकीलसाहेब, वहिनीच्या खटल्याचा निकाल दिराला लावलात?” मग त्यांनी मला समोर बसवून समजावले. पत्नीचा आजार गुदद्वारापासून वर चढतो, सलग पसरतो, मोठ्या आतड्यातच राहतो आणि फक्त आतले अस्तर सोलतो. म्हणून रक्त पडते. भावाची नळीतून पाहणी केली तेव्हा ते अस्तर स्वच्छ निघाले. त्याचे दुखणे लहान आतड्याच्या शेवटाला होते. हा दुसरा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये निरोगी भाग सोडून पुढे जातो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. म्हणून गळवे, म्हणून अरुंद झालेली वाट. आतड्याचा क्षयही असाच दिसतो, पण शस्त्रक्रियेत कापून काढलेला तुकडा तपासल्यावर तो क्षय नसल्याचे ठरले. दोन्ही आजार कशाने होतात हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे.

दिवाळीनंतर भाऊ घरी आला. अद्याप अधूनमधून पोट दुखते, पण तो नाचणीची पेज मागून घेतो आणि माझ्या मसुद्यांची थट्टा करतो. त्या बाईसमोर मी हात जोडले तेव्हा ती संकोचली. “पुरं आता भाऊसाहेब, धुणी वाळत घालायचीत.” मला मिळालेल्या सर्व न्यायनिवाड्यांपेक्षा माझ्या मेजासमोर तिने बोललेल्या त्या पाच वाक्यांचे ऋण मोठे आहे.

जव्हारच्या डॉक्टरांना मी आजवर सात पत्रे लिहिली, एकाचेही उत्तर नाही. म्हणून हा प्रश्न आता सर्वांसमक्ष विचारतो: नागपंचमीच्या दिवशी माझ्या भावाची कोणती तपासणी करून आपण त्याच्या आजाराला नाव दिले? उत्तर मला खासगीत नको. बाजाराच्या दिवशी, दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून, आजारी माणसांच्या देखत द्या.