अप्पांचे त्रेसष्ट पाहुणे

हजार-बाराशे वर्षांपूर्वी देवाघरी गेलेल्या माणसांची रोज सकाळी सोलापूर स्टेशनवर डबा घेऊन वाट पाहणारा गृहस्थ साऱ्या मुलखात एकच असेल, आणि तो माझा घरमालक होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून सोलापुरात आलो आणि त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली घेतली. खोली दाखवताना नळाची वेळ सांगण्याऐवजी त्यांनी मला विचारलं, "तुमाला तमिळ येतं काय?" येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की खोली हातची गेली असंच मला वाटलं. मग 'चालायचंच' असं स्वतःशी पुटपुटून त्यांनी किल्ली दिली. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. अप्पांचं सुतळी-बारदानाचं दुकान होतं, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे असत, आणि डोक्यात चोवीस तास त्रेसष्ट माणसं मुक्कामाला असत.

हे त्रेसष्ट म्हणजे तमिळ मुलखात फार पूर्वी होऊन गेलेले शिवभक्त. त्यांत देवळोदेवळी गात हिंडणारे कवी होते, काही राजे होते, पण पुष्कळसे आपल्यासारखेच पोटापाण्याच्या मागे लागलेले: कुंभार, परीट, कोळी, तेली, विणकर, पारधी. लिंगायत घरांत त्यांना 'पुरातन' म्हणतात आणि त्यांची नावं आदराने घेतात. तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं, अप्पांचं भागलं नाही. तरुणपणी वडिलांबरोबर बारदानाच्या खरेदीला मद्रासकडे गेले असताना कुठल्याशा देवळाच्या ओवरीत त्यांनी हे त्रेसष्ट जण दगडात कोरलेले, ओळीने हात जोडून उभे असलेले पाहिले. एकेकापुढे थांबून हा कोण, याचा धंदा काय, असं ते पुजाऱ्याला विचारत गेले आणि ओळ संपली तेव्हा परतीची गाडी सुटून गेली होती. "सगळे धंदे हायत बघा त्यांच्यात," ते मला सांगायचे, "बारदानवाला तेवढा न्हाय." हे सांगताना त्यांचा सूर असा असे, की एका कचेरीत जागा रिकामी आहे आणि अर्ज कुणाकडे करायचा तेवढंच कळत नाही.

अर्ज त्यांनी आपल्या परीने केलेलाच होता. त्या भक्तांपैकी कित्येकांचा नेम होता, की शिवभक्त आपल्या घरी जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. आणि देव हटकून अडचणीच्या वेळी, वेष पालटून, भुकेला होऊन त्यांची परीक्षा पाहायला यायचा. अप्पांनी तोच नेम धरला, फक्त आपल्या घराचं दार जरा पुढे नेऊन स्टेशनात बसवलं. सकाळी मद्रासकडे जाणारी गाडी सोलापूरला थांबे. तीत बसलेल्या एका तरी तमिळ माणसाला जेवू घालायचं, त्याच्याकडून त्रेसष्टांपैकी कुणाची तरी गोष्ट ऐकायची, आणि मगच घरी येऊन जेवायचं. एक ना एक दिवस त्या गाडीतून त्यांच्यापैकीच कुणीतरी जाईल याबद्दल अप्पांना शंका नव्हती. शंका होती ती आपल्याला तो ओळखू येईल की नाही याची. एवढं असून तमिळमधलं त्यांना एकच वाक्य नीट येत होतं, ते म्हणजे 'जेवलात का?' खिडकीखिडकीशी जाऊन ते तेवढंच विचारत. पुढचं सगळं कानडी, मराठी आणि दोन हात यांच्या जिवावर चाले.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर जात असे. पुण्य लागावं म्हणून नव्हे, करमणुकीसाठी. सुरुवातीला डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असे. आपल्याकडच्या कडक भाकरीशी ज्याची लहानपणापासून ओळख नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती बराच वेळ हातात फिरवून पाहिली आणि आदराने परत केली. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी कुणी न सांगता दहीभात द्यायला सुरुवात केली, वर मोहरी-मिरचीची फोडणी आणि कडेला लिंबाचं लोणचं. डबा चाटूनपुसून परत येऊ लागला आणि अप्पा त्याचं श्रेय नेमाच्या ताकदीला देऊ लागले.

गोष्टींचं मात्र काही खरं नव्हतं. कुणी सांगे, कुणाला येतच नसे. लष्करातल्या एका जवानाने पलटणीच्या आचाऱ्याची गोष्ट सांगितली, ती अप्पांनी डोळे मिटून भक्तिभावाने ऐकली. एकदा, कानडी नाही, मराठी नाही, हिंदी नाही, असा एक उत्साही गृहस्थ मिळाला. देवाच्या डोळ्यातून रक्त येताना पाहून एका पारध्याने स्वतःचा डोळा काढून तिथे बसवला. तेवढ्यात देवाचा दुसरा डोळा वाहू लागला, तेव्हा आपण आंधळे झाल्यावर जागा चुकू नये म्हणून त्याने खुणेसाठी देवाच्या डोळ्यावर पाय टेकवला. ही सबंध गोष्ट त्या गृहस्थाने हातवाऱ्यांनी करून दाखवली. तो बोटं डोळ्याकडे नेऊ लागताच शेजारच्या बाईंनी पिशवीतून डोळ्यांत घालायचं औषध काढलं. मग त्याने पाय उचलला, तो नेमका समोर पेंगणाऱ्या व्यापाऱ्याच्या नाकाशी आला. व्यापारी जागा झाला, भांडण जुंपलं, गाडी सुटली आणि भांडण तसंच मद्रासच्या दिशेने निघून गेलं. अप्पा फलाटावर डोळे पुसत उभे होते. काय सांगितली हो गोष्ट, म्हणाले.

एकदा कपाळावर उभं गंध लावलेले एक आजोबा भेटले. पोटभर जेवून त्यांनी मोडक्यातोडक्या कानडीत गोष्ट सांगितली ती विष्णूच्या एका भक्त मुलीची. देवासाठी गुंफलेली माळ ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाहायची, आणि देवाला तीच आवडायची. शिवाचे जसे त्रेसष्ट तसे विष्णूचे बारा, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पा घरी आले, पण पाटावर बसेनात. जेवणारा वैष्णव, गोष्ट वैष्णव, मग नेम झाला की मोडला? दुकानात बसून त्यांनी यावर विचार केला, दोन गिऱ्हाइकांना पोत्यांऐवजी सुतळी दिली, आणि चार वाजता निकाल लावला की भुकेच्या कपाळावर आडवं-उभं काही नसतं. मग जेवले.

घरीदारीही हेच. त्रेसष्टांतल्या परटाने एका भक्ताला संध्याकाळच्या आत कपडे वाळवून द्यायचा शब्द दिला होता. पाऊस आला, शब्द जातो असं पाहून त्याने धोब्याच्या दगडावर डोकं आपटून घेतलं. त्यामुळे आभाळ भरून आलं की अप्पा आमच्या गल्लीतल्या परटाकडे कपडे जाऊ देत नसत. त्या बिचाऱ्याने आजवर एकही कपडा वेळेवर दिला नव्हता आणि त्याचं डोकं शाबूत होतं, पण अप्पांना धोका पत्करायचा नव्हता. या सगळ्या गोष्टी ते संध्याकाळी पुन्हा मोठ्याने सांगत. मी ऐके, आणि आतून भाकरी थापता थापता काकू अधूनमधून 'व्हय' म्हणत. त्यांचं लक्ष असतं की नसतं, हे मला कधी कळलं नाही. अप्पांना तसा प्रश्नच पडला नसावा.

मग चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. पहिल्या दिवशी अप्पा रिकाम्या फलाटावर बारा वाजेपर्यंत बसले आणि भरलेला डबा घेऊन परत आले. जेवले नाहीत. मी म्हटलं, अप्पा, शहरात एवढे तेलुगू विणकर आहेत, त्यांच्यातल्या एखाद्याला बोलवा, तमिळ नाही तर तमिळचे शेजारी तरी. ते म्हणाले, त्यांची चूल त्यांच्या घरात पेटलेली आहे, मला वाटेवरचा भुकेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते एसटी स्टँडवर गेले. तिथे सगळी माणसं जवळपासची, कुंभारी गावची नाही तर अक्कलकोटकडची. वळसंगच्या एका शेतकऱ्याने दहीभात आवडीने खाल्ला आणि गोष्ट म्हणून आपल्या म्हशीची हकिकत सांगितली. म्हैस गुणी होती, पण त्रेसष्टांत बसेना. तो दिवसही गेला.

तिसऱ्या दिवशी अप्पा खाटेवरून उठले नाहीत. लिंबाच्या पाण्यावर होते, बोलताना धाप लागत होती. साठीच्या घरातला माणूस, वर सोलापूरचा मे महिना. मी कचेरीत न जाता डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी नाडी पाहिली आणि 'यांना जेवायला घाला' एवढंच औषध सांगून गेले. संप कधी मिटणार कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना हसण्यात मी दोन वर्षं घालवली होती. त्या दुपारी पहिल्यांदा मला भीती वाटली की हा माणूस खरोखरच जाणार. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन काकूंना म्हटलं, तुम्ही तरी त्यांना चार घास खायला सांगा. काकूंनी पाट मांडला, समोर ताट ठेवलं, भाताचं पातेलं आणि दह्याचं भांडं बाहेर आणून ठेवलं. मला वाटलं, आता अप्पांना उठवतील. पण त्या स्वतःच पाटावर बसल्या.

"आज पावणी मी," त्या म्हणाल्या. "वाढा."

अप्पा कोपरावर उठून बघत राहिले. असं कसं चालेल, तू काय वाटसरू आहेस का, असं काहीतरी पुटपुटले. काकू म्हणाल्या, पाहुण्याने गोष्ट सांगायची, तुमचा नेम तसाच आहे ना, मग मी सांगते. आणि त्यांनी सांगितली. त्रेसष्टांत ज्या दोन-तीन बायका आहेत त्यांतल्या कवयित्रीची. ती एका व्यापाऱ्याची बायको. नवऱ्याने दुकानातून दोन आंबे घरी पाठवले. तेवढ्यात एक भुकेला शिवभक्त आला, घरात नुसता भात झाला होता, म्हणून तिने त्याला भाताबरोबर एक आंबा दिला. दुपारी नवरा जेवायला बसला. त्याने राहिलेला आंबा खाल्ला, गोड लागला म्हणून दुसरा मागितला. तिने आत जाऊन देवाला हाक मारली, तशी तिच्या ओंजळीत आंबा आला. अप्पा ही गोष्ट नेहमी पुढे नेत: नवरा घाबरून तिला सोडून गेला, ती हातांवर चालत कैलासाला गेली, आणि शंकराने तिला 'आई' म्हणून हाक मारली. तिथे अप्पा हात जोडायचे. काकू तिथपर्यंत गेल्याच नाहीत. आंब्याशीच थांबल्या.

"एक आंबा पावण्यानं खाल्ला, एक नवऱ्यानं. देवानं दिला तो बी नवऱ्यानंच खाल्ला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ती जेवली का न्हाय? इतकी वर्सं तुमी गोष्ट सांगताय, तेवढं कदी सांगितलं न्हाय."

अप्पांनी खूप आठवून पाहिलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "पोथीत न्हाय ते."

"मी बी तीन दिवस जेवले न्हाय," काकू म्हणाल्या.

नवरा जेवल्याशिवाय त्या जेवत नसत. ही गोष्ट मला ठाऊक होती, गल्लीला ठाऊक होती, अप्पांना तर लग्नापासून ठाऊक होती. तीन दिवस आम्ही सगळे अप्पांच्या उपासाची काळजी करत होतो; मी तर डॉक्टरांना आणलं होतं, आणि ते काकूंच्या चुलीपुढून चालत आत-बाहेर झाले होते. आभाळ बघून कपडे धुवायला देणाऱ्या माणसाची चेष्टा करणारा मी, मला माझीच इतकी लाज वाटली की मान वर करवेना. वैष्णव आजोबांच्या दिवशी या बाई चार वाजेपर्यंत काय करत होत्या, तेही तेव्हाच लक्षात आलं.

अप्पा उठले. भिंतीला धरून चालत त्यांनी तांब्या आणला, काकूंच्या हातावर पाणी घातलं आणि वाढायला बसले. जन्मात वाढलेलं नव्हतं. चटणी भाताच्या डोक्यावर पडली, मीठ कुठल्या डब्यात असतं ते बसल्या पाहुणीला विचारावं लागलं. परातीत दोन रायवळ आंबे होते. ते दोन्ही चोळून, मऊ करून त्यांनी काकूंच्या ताटात ठेवले. एक तुमच्यासाठी राहू द्या असं काकू म्हणाल्या, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. काकू सावकाश जेवल्या, दुसऱ्या आंब्याची कोयसुद्धा चोखली, आणि अप्पा शेजारी उकिडवे बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांना कुणी ओळखू आलं होतं की काय, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. काकूंनी हात धुतल्यावर मात्र ते जे जेवले, ते पाहून मला म्हशीची आठवण झाली.

संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, अप्पांचा नेमही सुरू झाला. फरक एवढाच पडला की काकूंची न्याहारी झाल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते डबा उचलत नसत. काकूंना घाईने खाता येत नसे. पुष्कळदा अप्पा पोचायच्या आत गाडी सुटे, आणि ते डबा घेऊन हसत हसत घरी येत. अशा दिवशी नेम झाला असंच धरायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. काकू गेल्याचं मला उशिराच कळलं. वर्षाने मी सोलापूरला गेलो तेव्हा अप्पांनी स्वतः दहीभात केला. फोडणी करपली होती, पण मी पोटभर जेवलो आणि पाहुण्याच्या रीतीप्रमाणे गोष्ट सांगायला घसा खाकरला. येतानाच एक चांगली तयार करून ठेवली होती. अप्पांनी हाताने मला थांबवलं.

"गोष्ट ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "निगताना सूनबाई जेवली हुती काय, तेवढं सांगा."

सकाळी निघताना बायकोने मला गरम गरम वाढलं होतं, पाण्याचा तांब्या भरून दिला होता, दारापर्यंत आली होती. ती जेवली होती का, ते मी पाहिलं नव्हतं.