दोन गाठी बाकी असताना

मी राधानगरीकडची, भात-उसातली पोर. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा लग्न होऊन कोल्हापूरच्या अलीकडं एका भाजीवाल्या घरात येऊन पडले. माझा समज असा की भाजी काय, तोडली की विकली. तो समज सासूनं पहिल्या आठवड्यातच मोडीत काढला. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. ही आत्ती म्हणजे कडू कारलं होती, खरं सांगते.

तिचे कायदे ऐका. ओढा दारातनं वाहायचा, पण मेथी धुवायची ती विहिरीच्याच पाण्यानं. पोट बिघडलेल्या माणसानं, मग तो घरचा कर्ता का असेना, त्या दिवशी भाजीला हात लावायचा नाही. शेणाची पाटी वेगळी, भाजीची बुट्टी वेगळी. कीड मारायच्या औषधाचा रिकामा डबा दिसला की कुदळीनं चेचून पुरून टाकायची. शेजारणी तसल्याच डब्यांत डाळ भरायच्या आणि हिला हसायच्या. मीही हसायचे, तोंडाला पदर लावून.

पण तिची खरी अक्कल चिंधीत होती. ज्या सरीवर औषध मारलं, त्या सरीच्या तोंडाला काठी रोवून जुन्या लुगड्याची लांब चिंधी बांधायची. जितके दिवस भाजी तोडायची नाही, तितक्या गाठी चिंधीला. रोज एक गाठ सोडायची, ती फक्त तिनंच. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण एका दिवसाचीही चूक नाही. मला तिनं हे तीनदा समजावलं. मी तीनदा मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय ही थेरं!

एका संध्याकाळी टोमॅटोचं झाड फळांच्या भारानं वाकलेलं दिसलं. जवळ सुतळी नव्हती. शेजारच्या वांग्याच्या सरीची चिंधी सोडली आणि झाड बांधून मोकळी झाले. पहाटे नवऱ्याला चिंधी दिसली नाही, म्हणून त्यानं ती सरी तोडली. आत्ती पहिल्या बसच्या घाईत होती. भरलेली बुट्टी उचलून ती कोल्हापुरात राजारामपुरीला गेली, तिथं भाजी घेणारी तिची ठरलेली घरं होती. दहाच्या सुमाराला परतली, त्या दिवसाची गाठ सोडायला शेतात गेली आणि तिथनंच मला हाक मारली. चिंधी टोमॅटोला होती. दोन गाठी तशाच.

कुणी सोडली, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. वाटलं, आता कानाखाली बसणार. तिनं चहासुद्धा घेतला नाही. रिकामी बुट्टी माझ्या डोक्यावर दिली आणि मला घेऊन पुन्हा बस गाठली. सगळ्या वाटेत मनात एकच. कुणाच्या लहान पोरानं खाल्लं असलं तर?

वांगी पाच घरांत गेली होती. चार घरांत ती पिशवीतच निघाली. पाचव्या घरात भरली वांगी शिजून ताटात पडायच्या बेतात होती. घरचे गृहस्थ म्हणाले, धुतलीत, शिजवलीत, आता काय होतंय? आत्ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"काय हुईल ते मला ठावं न्हाय. म्हणून तर आलोय. ते कालवण आदी टाका, मग मी हिथनं हलतो."

त्यांनी टाकलं. मग घरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही एवढ्या काटेकोर, मग हे झालं कसं? आत्ती म्हणाली, चूक माझीच, नव्या सुनेला मी नीट सांगितलंच नव्हतं. कधी शिळ्या भाजीला ताजी न म्हणणारी ही बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुट्टी खाली ठेवली आणि म्हटलं, त्यांनी तीनदा सांगितलं होतं, मीच कानाआड केलं.

बसस्टॉपवर मला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला मी आजवर हसत आले, याचीच लाज वाटत होती. माझ्यासाठी कशाला खोटं बोललात, असं मी तिला विचारलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, तेही खसाखसा.

"सून हाईस म्हणून झाकलं. पण तू गप बसली असतीस, तर तुझ्या हातची भाजी मी परत कुणाच्या दारात न्हेली नसती."