चादरीचं दुसरं टोक

सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात दोघी जावा कैक वर्षं चादरींच्या घड्या घालत होत्या. घरी कधीकधी दोघींतून विस्तव जायचा नाही. पण चादरीला त्याचं काय? एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते, ताणून झटकायची आणि समोरासमोर चालत यायचं. अबोला कितीही कडक असो, दर घडीला हाताला हात लागायचाच.

घडीआधी थोरली चादरीवरून तळवा फिरवायची. वॉर्डातून आलेली सुई धुऊनही कापडात राहते. एकदा अशीच एक सुई धाकटीच्या बोटात घुसली होती, तेव्हापासूनची ही सवय.

यंदाही पगारवाढ नाही, असं साहेबांनी सांगितलं. ''सरकारने हात आखडता घेतलाय. जरा कळ काढा.''

धाकटी बाहेर येऊन म्हणाली, ''ताई, हॉटेलात चादरींच्या घड्यांना जोडी हवीय. पगारही बरा देतात.''

''सरकारी नोकरी सोडायची?''

''सरकारी नाव ताटात वाढता येतं का?''

थोरलीच्या मुलीचं शिक्षण पैशांपायी अडलं होतं. सुटीच्या दिवशी दोघी हॉटेलात काम दाखवायला गेल्या. चादरी पांढऱ्याशुभ्र, कोऱ्यासारख्या. थोरलीचा तळवा फिरलाच.

''काय शोधताय?'' तिथल्या मुकादमाने विचारलं.

''सुई.''

''बाई, इथे पाहुणे उतरतात, पेशंट नव्हे.''

तिने मान डोलावली. पुढच्या चादरीवरही हात फिरला, त्याच्या पुढच्याही. मुकादमाने धाकटीला ठेवून घेतलं. तिच्या जोडीला तिथलीच एक मुलगी दिली.

परतताना धाकटी चिडली. ''एक दिवस हात आवरला असता तर?''

''मी आवरत होते गं. तोच ऐकेना.''

''मग मीही नाही जात.''

''नाटकं नकोत. दोघी उपाशी राहिलो तर कोणाचं भलं होणार? जा तू.''

धाकटी गेली. तिची जागा रिकामीच राहिली. थोरली आता चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधते, दुसरं ओढते आणि एकटीच चालत गजापर्यंत जाते. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. ढीग काही हलत नाही.

''आजकाल फार वेळ लागतो,'' साहेब दारातून म्हणाले.

''दुसऱ्या टोकाला माणूस द्या, साहेब.''

''भरती बंद आहे.''

थोरलीने चादरीवरून तळवा फिरवला आणि गाठ सोडली.