रांजण बाटू नये म्हणून

माझी बायको या उन्हाळ्यात गेली. आमच्या ख्रिस्ती देवळात तिच्याबद्दल सगळे गोड बोलले. मी गोड लिहिणार नाही.

आम्ही धारूरच्या डोंगराकडचे, महारवाड्यातले. निजामाचं राज होतं तेव्हा दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाद्री म्हणाला, आता तुम्ही कुणाच्या खाली नाही. गावाला ते कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीवर आम्ही तसंच बसायचो, कुणी वरून ओतलं तर पाणी.

एका साली पटकी आली. पाटलाच्या घरचे सगळे मळ्यात पळाले. म्हातारीला ढाळ लागले होते, तिला घरातच टाकून गेले. राखणीची बाई बी पळाली. माझी बायको अंगण झाडायला गेलती, तर आतून आवाज आला, "कोन हाय? बाई, पाणी दे गं."

त्या घरानं तिला "ए" शिवाय कधी हाक मारली नव्हती.

ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "आईसाब, मी हाय, महाराची. रांजणातलं देऊ का?"

"रांजणाला शिवू नको. बाटला तर पोरं फोडतील. तुझ्या घरचं आण."

"अन तुमी बाटलाव तर?"

"मला काय फोडतेत का? आण लवकर."

तिनं आमचं मडकं नेलं. दिवसभर म्हातारीला घोट घोट पाजलं, तिची घाण काढली. म्हातारीला जरा बरं वाटलं तसं दोघी बोलत बसल्या. बायको म्हणाली, आमच्या देवानं बी असंच विहिरीवर परक्या जातीच्या बाईला पाणी मागितलं होतं.

"मग पिला का?"

"ते लिवलेलं न्हाई, आईसाब. बोलतच बसले दोघं."

म्हातारी हसली. "मंजे मी तुझ्या देवाच्या बी म्होरं गेले की!"

मग तिनं लेकरंबाळं विचारली. आमचं एक पोरगं गेलं होतं. त्याचं नाव विचारलं, कसं गेलं ते विचारलं, आणि रडली.

पटकी सरली. पोरं परत आली, तर बाजेखाली आमचं मडकं. त्याच अंगणात आम्हाला बोलावलं. माझे हात बांधून मला खांबाला उभं केलं. थोरला म्हणाला, "आई, कुणी पाजलं?"

म्हातारी दारात बसली होती. खाली बघून म्हणाली, "मला शुद्ध नव्हती. हिनंच तोंडात वतलं."

"खरं का गं?"

माझ्या बायकोनं म्हातारीकडं बघितलं. म्हणाली, "व्हय, मालक."

मडकं तिलाच फोडायला लावलं. मग चिंचेच्या ओल्या फोकानं तिचे तळहात फोडले. म्हातारी तिथंच बसून होती. रांजणाला काही झालं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, "खरं कावून न्हाई सांगितलंस?"

"तिला त्याच घरात ऱ्हायचंय."

पाद्री आला, त्यांना माफ करा म्हणाला. मी म्हणालो, तुमी फटके खावा, मग करा माफ.

पुढं म्हातारी गाडीतून जाताना दिसली की ही वाटेच्या कडेला उभी राहून विचारायची, "बऱ्या हाव का, आईसाब?" म्हातारी पदर ओढून घ्यायची. एकदा गाडीवानानं आसूड उगारला, तरी हिचं विचारणं थांबलं नाही. मी चिडायचो. एकदा म्हणाली, "तिनं आपल्या पोराचं नाव इचारलं. तुमी तरी घेता का त्याचं नाव?"

म्हातारी मेली तेव्हा ही मसणाच्या वाटेला लांब उभी होती. पोरांनी ढेकळं मारून हाकलली.

तरी हिला वाटायचं, म्हातारीनं मरताना कुणाला तरी सांगितलं असंल. त्या घरचं कुणी एक दिवस येईल, दोन शब्द नीट बोलेल. मी वाट बघत नव्हतो. ती बघत होती.

शेवटच्या दिवशी तिची नजर दारावर होती. म्हणाली, "पाटलाच्या घरचं कुणी आलं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

खोटं बोलता आलं असतं. त्या अंगणात तिला आलं तसं मला येत नाही.