मागच्या सीटवरचं फ्रान्स

फ्रान्स कसं आहे असं कुणी विचारलं, की प्रतिमाकाकू म्हणतात, "आमच्या ह्यांच्या पाठीसारखं. रुंद आणि घामेजलेलं." लोक हसतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी हे इतक्यांदा ऐकलंय, की मला आता हसू येत नाही, आणि काकूंनाही येत नसावं. कारण तो विनोद नाहीच. दोघांच्या सायकलवर मागे बसणाऱ्याला समोर दुसरं काही दिसतच नाही. टँडम म्हणतात त्या सायकलला. काकू मात्र तिला डबलसीटच म्हणतात.

नरेंद्रकाका आणि प्रतिमाकाकू शुगर लँडमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. काकांचं आयुष्य रिफायनरीत गेलं. टेक्सासचा हा भाग पोळपाटासारखा सपाट, आणि काकांना वेड कशाचं, तर घाटांचं! पंचेचाळिशीत त्यांनी ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याकडून ती टँडम विकत घेतली आणि त्याच उन्हाळ्यात काकूंना मागे बसवून मध्य फ्रान्सच्या डोंगरात नेलं. तेव्हापासून जवळजवळ दर उन्हाळ्यात तेच. ऑव्हेर्न, लिमूझँ, आर्देश ही नावं काका तासगाव-विटा म्हटल्यासारखी घेतात. नकाशावर पांढऱ्या रेघेने दाखवलेले बारके रस्तेच धरायचे, मोठ्या रस्त्याला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. पांढरी रेघ म्हणजे मोटार एखादी, गाई पुष्कळ, आणि चढ किती ते विचारू नका. हौसेला मोल नाही म्हणतात. पण हौस एकाची आणि मांड्या दोघांच्या, हे त्या म्हणीत कुठे आहे?

काकूंची नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमधली, दिवसभर उभ्याने करायची. घरी दोन मुलं. सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं काकूंनीच केलं. वर्षाकाठी जी काही रजा मिळायची ती अशी पेडल मारण्यात जायची. फोटो काढायचं कामही त्यांचंच, कारण मागच्याचे हात मोकळे असतात. त्यामुळे काकांच्या स्लाइड शोमध्ये दगडी घरं, चेस्टनटची झाडं, कुंपणावरून बघणाऱ्या गाई असं सगळं रस्त्याच्या कडेचंच असतं, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात काकांचं कोपर.

पण काकूंना स्वतःहून आठवतात त्या तिथल्या दफनभूमी. लहान गावात दुपारी सगळं बंद असतं, बेकरीवालासुद्धा दार लावून जेवायला गेलेला. दफनभूमीत मात्र फुलांना घालायला पाण्याचा नळ असतोच. काका तिथे बाटल्या भरायचे आणि काकू भिंतीच्या सावलीत टेकायच्या. "मला त्या मेलेल्या माणसांचा हेवा वाटायचा गं," त्या एकदा मला म्हणाल्या. "आडवी तरी होती बिचारी."

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडत होतो. काका बाहेर होते. काकूंनी सोऱ्या खाली ठेवला.

"चैत्राली, तुला एक सांगू? चढावर मी जोर लावतच नाही."

"म्हणजे काय?"

"चारही पेडल एकमेकांना जोडलेली असतात. ह्यांनी मारलं, की माझे पाय आपोआप फिरतात. मी नुसते ठेवून बसते. पूर्वी खूप दमले तरच करायचे. हल्ली मी दमलेलीच असते."

"आणि काकांना कळत नाही?"

"ह्यांना काय पाठीला डोळे आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कुठे बोलू नकोस."

मी हसून हसून बेजार झाले. खरं सांगायचं तर मला काकांचा राग यायचा, आणि काकूंनी परस्पर त्याचं असं उट्टं काढलेलं ऐकून फार बरं वाटलं. काकू मात्र हसत नव्हत्या. "पुढच्या उन्हाळ्यात येत नाही म्हणून सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "मला एकदा एका जागी बसायचंय. कुठेही. नुसतं बसायचंय."

सांगायची वेळ आलीच नाही. थंडीत काकांचे डोळे बिघडले. नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. "हल्ली मला तुझे कानच दिसतात," ते मला म्हणाले. मोटार चालवणं बंद झालं, मग सायकल कुठली? काकूंनी मला फोन केला. "सुटले बाई," असं म्हणाल्या, आणि मग फोनवरच रडायला लागल्या. आपल्या तोंडून हे असं निघालं याचंच त्यांना रडू येत होतं.

काकांनी आर्देशचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. ते रोज गॅरेजमध्ये जाऊन सायकलजवळ बसायचे. करायचे काहीच नाहीत. मग एक दिवस घरात येऊन म्हणाले, "प्रतिमा, तू पुढे बस. मागच्याला कडेचंच दिसतं ना? मलाही आता कडेचंच दिसतं."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. पासष्टी ओलांडलेल्या बाईने आता ह्यांना घाटातून ओढायचं! त्यांची मुलगी अनुष्का दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते. तिने स्पीकरवर आईला स्पष्ट सांगितलं, "आई, जस्ट से नो. डॅड विल सर्व्हाइव्ह." काकूंनी तरीही "बघते" म्हटलं. मी भांडायलाच गेले, तर मला परसात नेऊन हळूच म्हणाल्या, "अगं, जमणार नाहीच. म्हणून तर बघते म्हटलं. माझ्या तोंडच्या 'नाही'पेक्षा सायकलने म्हटलेलं 'नाही' त्यांना सोपं जाईल. एक चढ चढून बघू. नाही जमलं, की बुकिंग कॅन्सल."

शुगर लँडमध्ये चढ आणायचा कुठून? ऑफिसांची बहुमजली पार्किंग असतात, तेवढेच आमचे घाट. माझ्या ऑफिसचं पार्किंग रविवारी रिकामं असतं. काकू सांगलीत असताना कॉलेजला सायकलवर जायच्या, त्यामुळे तोल त्यांना येत होता. काही रविवार त्या खालच्याच मजल्यावर हँडल सांभाळायला शिकल्या. मग एका रविवारी म्हणाल्या, "आज गच्चीपर्यंत. काय ते होऊन जाऊ दे."

मी मागून मोटारीत, दिवे लुकलुकवत. पहिला मजला झाला, दुसरा झाला. चांगली चाललेली सायकल तिसऱ्या मजल्याच्या चढावर एकाएकी जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. काकूंची पाठ वाकली, मान खाली गेली. मला मागून चारही पाय अगदी एका लयीत फिरताना दिसत होते, काय बिघडलं ते कळेना. पडणार आता, असं वाटून मी हॉर्नवर हात ठेवला. पण काकूंनी सायकल सोडली नाही. दात-ओठ खात ती गच्चीपर्यंत नेलीच, आणि उतरून कठड्याला टेकल्या. मी पाणी घेऊन धावले. वर ऊन तापायला लागलं होतं.

"तुम्ही पाय सैल सोडलेत," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"जरासे. दम लागला गं," काका मागच्या सीटजवळून म्हणाले.

"केवढी जड झाली सायकल! कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी."

"होते तशी."

काकू बाटली तोंडाला लावणार होत्या, ती तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याही डोक्यात उजेड पडला. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं, की कुणी बघत नाही.

"म्हणजे मी पाय सोडायचे, ते..."

"कळायचं की. पहिल्या वर्षापासून."

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

काकांनी मान एका बाजूला वळवली. हल्ली असं तिरकं बघितलं, तरच त्यांना समोरच्याचा चेहरा दिसतो. "बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू उतरली असतीस."

खाली हायवेचा आवाज चालू होता. मला गलबलून आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदमच. दोघांचं वजन एकट्याने घाटावर ओढून हा माणूस मुकाट राहिला, हे खरं. आणि बायको दमलीय हे कळत असूनही दर उन्हाळ्यात तिला घेऊन गेला, हेही तितकंच खरं. काकू कठड्याशी खाली बसल्या.

"मी दमलेय हो," त्या म्हणाल्या. "आजची नाही. कधीचीच."

"हो," काका म्हणाले. ते चाचपडत गेले आणि त्यांच्या शेजारी सिमेंटवर बसले. आर्देशबद्दल एक शब्द काढला नाही. बुकिंगचं विचारलं नाही. काकांना काकूंशेजारी असं नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि मी उगाच मोटारीच्या काचा पुसत उभी राहिले.

ऊन सोसेना, तेव्हा काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सायकल सरळ केली आणि पुढचं हँडल धरलं.

"तिकडे दफनभूमी दिसली, की थांबायचं," त्या म्हणाल्या. "बाटल्या भरण्यापुरतं नाही. दोघांनी बसायचं, पुरे वाटेपर्यंत."

काका मान हलवत उठले.

"आणि चढावर दमलात, की सांगून पाय सोडा. माझ्यासारखं चोरून नको."

काकांनी मागची सीट हाताने शोधली आणि बसले.