अलाबला

मी मुलांसाठी विज्ञानकथा लिहिते, म्हणून आमच्या पेठेत माझी थट्टा चालते. "काय वो, चंद्रावरनं कधी आलासा?" शेजारीण विचारते. आता लिहायला घेतलेल्या गोष्टीत आई आणि मुलगी एकमेकींच्या शरीरात जाणार होत्या. घोडं अडलं ते यंत्रापाशी. तारा, टोप्या, निळा उजेड, सगळंच बोगस वाटायला लागलं. माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मशीन कशाला लागतंय? आजी करती की रोज."

खरंच की! माझ्या सासूबाई तिच्या गालांवरून हात फिरवतात आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडतात. पोरीची इडापिडा आपल्यावर घ्यायची, त्याला अलाबला घेणं म्हणतात. मी तेच उचललं. बोटं मोडली की आईचं सगळं लेकीत, लेकीचं सगळं आईत. पोरीनं गोष्ट परत परत वाचून घेतली.

त्याच आठवड्यात माझ्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. घरात सगळे हळू बोलायला लागले. आमच्याकडं हळू बोलणं म्हणजे काहीतरी भयंकर, एवढं पोरीला कळतं. शाळेला निघताना तिनं माझ्या गालांवरून हात फिरवले आणि बोटं मोडली. मला कौतुकच वाटलं, देवाशपथ.

दोन दिवसांनी ती तापानं फणफणली. आणि चेहरा कसा, तर खूश! गोळी पुढं केली की तोंड घट्ट बंद. कपाळावर ओली पट्टी ठेवली तर काढून फेकायची. सासूबाई ओरडल्या, मी ओरडले, तिच्या बापानं आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. ताप चढतच होता, डोळे लालभडक झालेले. मी पुरती घाबरले. माझी गाठ गेली खड्ड्यात, पोरीला काही झालं तर?

"का गं घेत न्हाईस गोळी?" मी तिला गदागदा हलवलं.

"मी बरी झाले तर तुझं तुला परत जाईल की."

दारात उभ्या असलेल्या सासूबाई मटकन खाली बसल्या.

"अगं, ती गोष्ट खोटी हाय," मी म्हणाले. "मीच रचलीया. तुझा ताप नुसता ताप हाय. बोटं मोडून कुणाचं कुणाला जात न्हाई." सासूबाईंच्या देखत बोलले. त्यांनी मान खाली घातली.

लेक अंथरुणात उठून बसली. "म्हंजे गाठ तुझ्यातच हाय?"

नाही म्हटलं असतं तर गोळी तिच्या पोटात गेली नसती.

"व्हय," मी म्हणाले. "माझ्यातच हाय."

तिनं हात पुढं करून गोळी घेतली, गिळली, आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.